कुत्रा सुटायची वेळ, कोंबड्या सुटायची वेळ

पत्र:
"ताई, आमच्या परड्यात अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. आता चारच उरल्यात, त्यातली एक जखमी. आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या खेड्यात राहतो. शेजारच्या आण्णांनी दोन वर्षांमागं मुधोळहून पिल्लू आणलं, ते आता वासराएवढं झालंय. रात्री राखणीला सोडतात, सकाळी कधी बांधतात, कधी विसरतात. त्याच्या मागनं रस्त्यावरची दोन कुत्री असतात. गेल्या महिन्याभरात तीनदा आली, तिन्ही वेळा सकाळीच. कोंबड्या मारल्या आणि न खाताच टाकून गेली. पिल्लांवरची कोंबडीही गेली. सांगायला गेले तर आण्णा म्हणाले, 'कुत्रंच ते, त्याला काय कळतंय? तुम्ही कोंबड्या कोंडून घाला की.' आमचे मालक म्हणतात, भाकरीला औषध लावून ठेवतो, एकदाचं मिटू दे. आण्णांचं घर कन्नड, आमचं मराठी, पण वीस वर्षं जाणं-येणं आहे, कधी वाकडा शब्द नाही. मी काय करू? आणि ती जखमी कोंबडी परत अंडी देईल का?"

उत्तर:

ताई,

आधी औषधाचं बोलू. बाकी सगळं चार दिवसांनी केलं तरी चालेल, हे मात्र आज संध्याकाळीच मिटायला हवं. फवारणीची बाटली कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा. विष लावलेली भाकरी कोण खाणार, हे ठेवणाऱ्याच्या हातात नसतं. तुमच्या परड्यात सगळ्यांत लवकर उठतं कोण? कोंबडी. म्हणजे त्या भाकरीला पहिली चोच तुमच्याच उरलेल्या चौघींची लागायची. मग कुणाचं मांजर, कुणाचं वासरू, आणि अंगणात रांगणारं एखादं पोर.

यात कायदा कुणाच्या अंगावर येतो तेही मालकांच्या कानावर घाला. जनावराला विष घालून मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आण्णांच्या कुत्र्यानं आठ पक्षी मारले तरी आण्णांना हे कलम लावणं अवघड, कारण मारायचा हेतू त्यांचा नव्हता. मालकांनी मात्र एक भाकरी ठेवली की ते सरळ त्यात बसतात. नुकसान तुमचं आणि आरोपीही तुम्हीच, असला व्यवहार कोण करतं?

मी हे सोवळ्यात बसून सांगत नाही. माझ्या लहानपणी आमच्या मोत्या कुत्र्यानं पलीकडच्या आजींची तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, मारली होती. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे आम्ही ती मेलेली तलंग त्याच्या गळ्यात बांधली. तीन दिवस घरादाराला वास, मोत्या बिचारा कोपऱ्यात. पाचव्या दिवशी त्यानं दुसरी मारली. हा उपाय अजूनही कुणी ना कुणी सांगतं, तुम्हालाही सांगेल. कुत्र्याला घडल्या क्षणी अडवलं तर समजतं. तासाभरानं केलेली शिक्षा कशाबद्दल आहे, हे त्याला जुळवता येत नाही. मोत्याला एवढंच कळलं की माणसं कधी कधी बिनकारण चिडतात. शेवटी वडिलांनी आजींना दोन तलंगा नेऊन दिल्या आणि मोत्याला पहाटे बांधायला सुरुवात केली. तिथं ते थांबलं.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी थांबू: 'न खाताच टाकून गेली.' तुम्हाला त्याचा फार राग आलाय, आणि येणारच. पण सगळं कोडं तिथंच उलगडतं. कुत्रा कोंबडी पोटासाठी मारत नाही. ती पळते, फडफडते, ओरडते, त्याला मागं धावल्याशिवाय राहवत नाही. एक निपचित पडली की तिच्यातला रस संपतो आणि दुसरी पळताना दिसते. एका सकाळी तीन-चार मरतात त्या अशा. म्हणून 'त्याला पोटभर घाला म्हणजे मारणार नाही' हेही खरं नाही. आणि आण्णांचा कुत्रा कुठला, तर मुधोळचा. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी जोपासलेली ही शिकारी जात, २००५ साली पोस्टानं तिचं तिकीटही काढलंय. वासावर माग काढत बसणारी ही कुत्री नव्हेत, डोळ्यानं हेरून वाऱ्यासारखं धावणारी आहेत. जे पळतं ते दिसलं की हे निघालंच. वर जोडीला रस्त्यावरची दोघं. एकटा असता तर कदाचित कुंपणाशी घुटमळून परत गेला असता. तिघांच्या टोळीत कुणी मागं राहत नाही.

मग 'रक्ताची चटक लागली, आता हा सुटायचा नाही' असं गावात म्हणतात ते? रक्ताची नव्हे, पाठलागाची लागते. आणि दर वेळी पाठलाग जमला की ती पक्की होत जाते. म्हणजे चौथी वेळ येऊ न देणं हेच निम्मं औषध.

आण्णांकडे जाण्याआधी एक हिशेब मात्र नीट करा. पिल्लांवरची कोंबडी 'गेली' असं लिहिलंय, ती मेलेली सापडली की नाहीशीच झाली? कुत्री मारतात आणि टाकतात, पिसं चहूकडे उधळलेली असतात. कोल्हा किंवा रानमांजर उचलून नेतं, पिसांची ओळ एकाच दिशेनं जाते. मुंगूस मानेला धरतं आणि दिवसाउजेडी खुराड्याच्या फटीतनं शिरतं. खानापूरच्या बाजूला रान लागूनच आहे, ही सगळी मंडळी तुमच्याच गावची. तेव्हा जी कोंबडी मागमूस न ठेवता गेली असेल ती आण्णांच्या खात्यावर मांडू नका. सातांचा खरा हिशेब आठांच्या संशयित हिशेबापेक्षा जड पडतो.

आता मुद्द्याचं. तिन्ही वेळा सकाळीच, असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्याकडे दिवस उजाडला की खुराड्याचं दार उघडतं. आण्णांकडे कुत्रं रात्रभर मोकळं असतं आणि घरची माणसं उठून, चूळ भरून, चहा घेऊन मग त्याला साखळीला लावतात. भाताच्या सुगीत तर घर पहाटेच शेतावर जातं, साखळीची आठवण कुणाला? हा मधला अर्धा-पाऊण तास, जेव्हा कोंबड्याही सुटलेल्या आणि कुत्रंही सुटलेलं, तोच तुमचा वैरी आहे. भांडण दोन घरांचं नाही, दोन वेळांचं आहे.

त्यामुळे उद्यापासून, एक रुपया न खर्चता, कोंबड्या दहाच्या आत सोडू नका. तुम्ही म्हणाल, म्हणजे आण्णांचंच ऐकलं की! अर्धं ऐका, कारण त्यात तुमचाच फायदा आहे. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळी घालतात. दहापर्यंत आत राहिल्या तर अंडी खुराड्यातच पडतील, गवतगंजीत आणि घायपाताच्या बेटात शोधत फिरावं लागणार नाही. आजवर मुंगसानं आणि कावळ्यानं किती नेली याचा अंदाज तुम्हाला पहिल्या आठवड्यातच येईल. संध्याकाळी दिवेलागणीआधी त्या आपसूक परततातच, तेव्हा दार लावून कोयंडा घाला. नुसतं टेकवलेलं दार कुत्रं नाकानं ढकलतं.

दहापर्यंत कोंडायचं तर जागा हवी, नाहीतर त्या एकमेकींची पिसं उपटतील. दहा-बारा पक्ष्यांना दहा फूट लांब, दहा फूट रुंद आवार पुरे. जाळी घेताना फसू नका. दुकानात 'कोंबडी जाळी' म्हणून जी पातळ, षटकोनी भोकांची मिळते ती कोंबडी आत ठेवते, कुत्रं बाहेर ठेवत नाही. मुधोळच्या कुत्र्यानं दोन उड्या मारल्या की ती फाटते. जाड तारेची, जोड दिलेली वेल्डमेश घ्या. खुराड्याला अर्ध्या इंचाच्या भोकांची, म्हणजे मुंगूसही अडेल. आवाराला मोठ्या भोकांची चालेल, पण खालची दोन फूट बारीक असू द्या.

कुत्री उडी मारून येतात त्यापेक्षा खालून उकरून जास्त येतात. पायाशी खोल चर खणत बसायची गरज नाही. जाळीचा दीड फुटाचा पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा आणि वर जांभ्याचे चिरे ठेवा. कुत्रं जाळीच्या अगदी मुळाशी उकरतं, तिथं पंजाला तार लागते, आणि दीड फूट मागं सरून खणायची अक्कल त्याला सहसा होत नाही. चिरे तुमच्याकडे पडलेले असतीलच, जुन्या गोठ्याचे वगैरे. उंची सहा फूट ठेवा, नाहीतर पाच ठेवून वरून जुनी मासेमारीची जाळी ताणा. ती घारीलाही उपयोगी पडते.

आणि आता या सगळ्यातला माझा लाडका उपाय. जुन्या साड्या. रानडुकरांसाठी शेताला बांधतो तशाच, पण खालच्या अंगाला, जमिनीपासून तीन फूट, आवाराच्या त्या बाजूला जिकडून आण्णांचं अंगण दिसतं. हा कुत्रा डोळ्यानं शिकार करणारा, हे मघाशी सांगितलं ना? त्याला पळणारं काही दिसलंच नाही तर त्याचं मन पेटत नाही. हिरवी शेडनेट असेल तर तीही चालेल, पण साडी घरात आहे. बाकीच्या कुंपणाला बोराटी, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, घाला. नुसत्या बोराटीवर मात्र विसंबू नका, पावसाळ्यात ती कुजून बसते.

एवढं झालं की तुमची बाजू झाली. पण याचा अर्थ आण्णांची बाजू माफ असा नाही. 'कुत्रंच ते, त्याला काय कळतंय' हे वाक्य मी फार ऐकलंय, आणि ते शब्दशः खरं आहे. कुत्र्याला कळत नाही म्हणूनच तर माणसाला त्याचा मालक म्हणतात.

बोलायला सकाळी जाऊ नका, मेलेली कोंबडी हातात घेऊन तर मुळीच नको. जाळी लागल्यावर जा, संध्याकाळी, आणि आधी आण्णांच्या घरच्या आक्कांना गाठा. कोंबडी मेल्याचं दुःख बाईमाणसाला लवकर कळतं, आणि त्या घरात साखळी पहाटे कोण लावू शकेल तर आक्काच. म्हणा, "आक्का, मी माझ्याकडनं जाळी मारली, कोंबड्या दहापर्यंत आत ठेवते. तुम्ही तेवढं उजाडायच्या आत त्याला बांधा. सुगीला जाताना विसर पडत असेल तर मला हाक मारा, मीच बांधते." शेवटचं वाक्य मनापासून म्हणा. कुत्र्याची आणि तुमची ओळख व्हायला हवी. आज तो तुम्हाला फक्त 'हाड हाड' ओरडणारी बाई म्हणून ओळखतो, आणि त्याचं शिक्षण सगळं कन्नडमधून झालंय. आण्णा त्याला 'बा' म्हणून बोलावतात आणि 'बिडु' म्हटलं की तोंडातलं सोडायला लावतात, ते दोन शब्द त्यांच्याच सुरात शिकून घ्या. फक्त 'कोळी, कोळी' असं कुणी ओरडलं तर दचकू नका, कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी.

नुकसानीचं बोलणं आण्णांशी करा, पण वेगळ्या दिवशी. एकाच बैठकीत साखळी आणि पैसा दोन्ही काढले की माणूस पैशावर अडतो आणि साखळी राहून जाते. आठवडी बाजारात त्या दिवशी गावठी कोंबडीचा जो भाव असेल तो धरा. अंड्यावरच्या तलंगेला थोडं जास्त मागणं रास्त आहे. माझं मत विचाराल तर रोख घेऊ नका, पक्ष्याला पक्षी घ्या. रोख दिली की देणाऱ्याला वाटतं, फिटलं, आता कुत्रं मोकळं. स्वतः बाजारातनं तलंगा निवडून आणल्या की त्या जगाव्यात असं त्यालाही वाटतं.

आण्णांना एक भीती असेल, दिवसभर बांधलं तर कुत्रं बिघडेल. ती भीती रास्त आहे. आखूड साखळीला दिवस दिवस अडकवलेला कुत्रा चिडका होतो, सुटला की दुप्पट उधळतो. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कुत्र्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीला फार वेळ बांधणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, दोन्ही गुन्हे म्हणून लिहिले आहेत. त्यांना सुचवा, अंगणात दोन खांबांमध्ये डोक्याच्या उंचीवर तार ओढा, तारेत कडी घाला आणि साखळी कडीला लावा. कुत्रं या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतं आणि अंगणाबाहेर जात नाही. बरोबर सकाळ-संध्याकाळ दोरीला धरून मळ्यापर्यंत फेरी. मुधोळचं कुत्रं हौसेनं आणलं तर धावायची सोय करणं त्या हौसेतच येतं, वेगळं मागावं लागू नये.

नसबंदीचंही काढा. नर असेल तर माजावरच्या कुत्रीमागं गावभर भटकणं त्यानं बरंच कमी होतं. रेबीजची लस दर वर्षी टोचतात का हे मात्र स्पष्ट विचारा, इथं भिडेला जागा नाही. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत बऱ्याच ठिकाणी ती फुकट टोचतात. उद्या कोंबडी वाचवायला तुम्ही मध्ये पडलात आणि दात लागला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट सरकारी दवाखाना. हळद, चुना, तंबाखू काही लावायचं नाही, आणि इंजेक्शनची एकही तारीख चुकवायची नाही. कुत्रं माणसांच्याच अंगावर यायला लागलं आणि मालक काहीच करत नसेल, तर न्याय संहितेचं कलम २९१ आहे. पण ते माणसाच्या जिवाच्या धोक्यासाठी आहे, कोंबड्यांसाठी नव्हे. तेव्हा ते आत्ता बाहेर काढू नका.

राहिली रस्त्यावरची दोघं. ती कशावर जगतात ते बघा. बहुधा चिकनच्या दुकानामागं टाकलेली आतडी-पिसं, नाहीतर गावच्या जत्रेनंतर नाल्यात लोटलेलं. कच्च्या कोंबडीची सवय दुकानदारानं लावायची आणि तुम्ही परड्यात निस्तरायचं, असं चाललंय. त्याला खड्डा करून चुना टाकून पुरायला सांगा. आणि तुम्हीही मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर फेकल्या असतील तर पुढं तसं करू नका, खोल पुरा. पंचायतीला त्या कुत्र्यांना मारता येत नाही, दूर नेऊन सोडताही येत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस करून साधारणपणे तिथंच परत सोडायची असतात. तसं झालं तर नवी पिल्लावळ थांबते, टोळी वाढत नाही. पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, नावानं अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये असला की टेबलावरनं लवकर हलतो, हे आपल्या भागात कुणाला वेगळं सांगायला नको. तो आक्कांच्या घरात जो शिकलेला असेल त्याच्याकडून लिहून घ्या आणि खाली आण्णांचीही सही घ्या. ती दोन कुत्री त्यांच्याही कुत्र्याला बिघडवतायत, सही करायला ते नाही म्हणायचे नाहीत.

आता तुमची जखमी कोंबडी. तिला बाकीच्यांपासून वेगळी, डालग्याखाली, अंधाऱ्या शांत कोपऱ्यात ठेवा, नाहीतर रक्त दिसेल तिथं उरलेल्या तिघीच टोचतील. पिसं बाजूला सारून सगळं अंग तपासा. दाताचं भोक लहान दिसतं आणि आत जखम खोल असते, बहुतेक वेळा पाठीवर आणि पंखाखाली. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं रोज धुवा. पावसाळी दिवसांत माशी बसून दोन दिवसांत अळ्या पडतात, म्हणून वरून स्वच्छ जुना पातळ कपडा टाका. जखमेला वास यायला लागला किंवा तिनं खाणं सोडलं तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, नाहीतर १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करून विचारा. तिच्यामुळं रेबीज होईल अशी धास्ती कुणी घातली असेल तर काढून टाका, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. फक्त ताज्या चाव्याला हात लावताना तुमच्या हाताला चीर नसावी, आणि नंतर साबणानं हात धुवा.

अंडी ती लगेच देणार नाही. एवढी भ्यालेली कोंबडी अंडी थांबवते, पिसंही गाळते, आणि नवी पिसं भरेपर्यंत खाल्लेलं सगळं तिकडंच जातं. नाचणी आणि भाताच्या कण्यांबरोबर थोडं शिजवलेलं कडधान्य घाला, अंड्याची टरफलं भाजून चुरून घाला. काही आठवडे जातील. तोवर मालकांनी 'आता हिचा रस्साच करू' म्हटलं तर थांबवा. तुर्रा परत लालभडक व्हायला लागला, तुम्ही जवळ गेल्यावर ती पंख पसरून खाली बसायला लागली, की आठ-दहा दिवसांत अंडं येतंच. खुराड्यात तिच्या कोपऱ्यात भुसा घालून ठेवा.